विरजणातली मापं

जयसिंगपुरात पिसे ब्लाउज सेंटरच्या धनंजय पिसेला तुम्ही काहीही विचारा. यंदा थंडी कशी पडेल, कुठल्या डॉक्टरकडे जावं आणि कुठल्याकडे चुकूनही जाऊ नये, नवा नगराध्यक्ष किती दिवस टिकेल, सगळं तो सांगेल. एकच गोष्ट सांगणार नाही, ती म्हणजे कुणाचंही माप. वडिलांनी हातात टेप देताना घालून दिलेला तो दंडक होता. माप घ्यायचं, लिहायचं, पण तोंडानं उच्चारायचं नाही. शेजारी बसलेल्या कारागिरालाही आकडा ऐकू जाता कामा नये. त्यामुळे एखादी बाई वर्षभरात कितीही सुटली तरी पिसे फक्त "हं" म्हणत, आणि गावातल्या बायका निर्धास्तपणे त्यांच्याकडेच येत.

आता टेप गेली होती. आरशाच्या खोलीत बाई उभी राहिली की भिंतीतले कॅमेरे तिचा आकार टिपून घेत आणि मागच्या खोलीतलं यंत्र त्यावरून कापड कापून देई. असं यंत्र हल्ली कुणीही घेऊ शकत होतं. मग लोकांनी पिशांकडेच का यावं? तर यंत्राला आकार कळतो, बाई कळत नाही. हिचा उजवा खांदा उतरता आहे आणि तो दिसता कामा नये. हिला फळीवरचा डबा काढताना काखेत ओढ बसते. ही 'घट्ट शिवा' म्हणते पण घरी जाऊन उसवते. अशा दुरुस्त्या वडिलांच्या काळापासून साठत आल्या होत्या. लग्न होऊन बेंगळुरूला, अमेरिकेला गेलेल्या पोरी तिथून नुसता निरोप धाडत, आणि इथून गेलेला ब्लाउज तिथे पहिल्या फटक्यात बसे. ही मापं हाच धंदा होता. बाकीचं सगळं भाड्यानंही मिळालं असतं.

याच मापांवरून धनंजयचं धाकट्या भावाशी फाटलं होतं. वडील गेल्यावर वाटणी झाली तेव्हा सुहासनं दोनपैकी एक यंत्र मागितलं, ते त्याला मिळालं. मग तो म्हणाला, "दादा, मापांची एक प्रत मलाबी दे की. प्रत दिल्यानं तुझं काय कमी होतंय?" याला उत्तर नव्हतंच, आणि म्हणूनच धनंजय जास्त भडकला. मापं थोरल्याची, असं त्यानं ठणकावून सांगितलं. सुहासनं रस्त्याच्या पलीकडे, बरोबर समोर, 'न्यू पिसे' अशी पाटी लावली, वर राहायची जागा घेतली आणि पहिल्या बाईपासून नव्यानं मापं घ्यायला सुरुवात केली. तेव्हापासून रोज सकाळी दोघे भाऊ एकाच वेळी शटर वर करत आणि एकमेकांकडे बघायला लागू नये म्हणून उगाच वाकून पायरी झाडत. मधला रस्ता धनंजयनं पुन्हा ओलांडला नाही. समोरच्या बाजूचा चहा गावात एक नंबर होता, तोही त्यानं सोडला.

तर अशी ही जिवापाड जपलेली मापं ठेवायची कुठे, हा प्रश्न एका सकाळी यंत्र बंद पडल्यावर उभा राहिला. यंत्र दुपारी आपोआप सुरू झालं, पण तेवढ्या वेळात धनंजयनं दोनदा देवापुढे हात जोडले होते. त्याची बायको सारिका दुकानाचा हिशेब आणि नवऱ्याचा रक्तदाब या दोन्हींवर लक्ष ठेवून असे. ती म्हणाली की आता कसलीतरी पक्की सोय करा, नाहीतर मला तरी माहेरी जाऊ द्या. सोयी तशा पुष्कळ होत्या. डिस्क घ्यावी तर ती कधी दगा देईल सांगता येत नाही. क्लाउडवर तर त्याची मापं आधीपासून होतीच, पण त्याचं भाडं दर दिवाळीला वाढे आणि अटी दर पाडव्याला बदलत. कागदावर छापून ठेवावं तर वाळवी. धनंजय सगळ्यांकडून माहिती घेई, सगळ्यांना चहा पाजे आणि शेवटी काहीच ठरवत नसे.

अशात ओजस बिराजदार दुकानात आला. 'गोरस संचय' नावाच्या कंपनीचा हा तरुण प्रतिनिधी, गळ्यात टाय आणि हातात स्टीलचा डबा. डब्यात दही होतं.

ओजसनं समजावलं ते असं. माणसाचं नाक कसं असावं इथपासून गवताची पात किती वाढावी इथपर्यंतचा सगळा मजकूर निसर्ग एकाच लिपीत लिहितो. डीएनए नावाच्या त्या धाग्यावर अक्षरं चारच. कॉम्प्युटरची लिपी त्याहून साधी, शून्य आणि एक, एवढीच. या दोन आकड्यांच्या जोड्या केल्या तर जोड्या चारच होतात. एकेका जोडीला एकेक अक्षर नेमून दिलं की कॉम्प्युटरमधली कुठलीही फाइल त्या धाग्यावर लिहिता येते. मग धाग्याचे बारीक तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्यावर त्याचा क्रमांक घालायचा आणि ते दह्यातल्या जिवाणूंच्या आत अशा कोपऱ्यात बसवायचे की त्यांच्या रोजच्या कामात अडथळा येणार नाही. जिवाणू आपला दूध आंबवत राहतो. फक्त एकाचे दोन होताना तो पोटातल्या मजकुराचीही नक्कल करतो.

"संध्याकाळी विरजण लावलं की सकाळी अब्जावधी नव्या प्रती, सर," ओजस म्हणाला. "वीज नको, भाडं नको. फक्त दूध."

सारिकानं विचारलं की एवढ्या नकला करताना चुका होत नाहीत का. होतात, ओजस म्हणाला, पण वाचताना लाखो प्रती एकदम वाचल्या जातात आणि प्रत्येक अक्षराला बहुमत जे असेल ते खरं धरतात. म्हणजे निवडणुकीसारखंच, असं सारिका म्हणाली. त्यापेक्षा बरं, ओजस म्हणाला, इथं सगळे मतदान करतात.

मग त्यानं पथ्यं सांगितली. सगळं दही एकदम कधी उकळायचं नाही, विरजण बाजूला काढूनच वापरायचं. आठवड्याहून जास्त उपाशी ठेवायचं नाही. दुसऱ्या विरजणात मिसळायचं नाही, नाहीतर परके जिवाणू आपल्यांना हुसकून लावतात. आणि बाहेर कुणाला द्यायचं नाही. शिवाय शहाण्या धंदेवाल्यानं मापांच्या तीन प्रती ठेवाव्यात: एक यंत्रात, एक वेगळ्या रूपात, आणि एक दुसऱ्या घरात. मजकुराला कुलूप हवं असेल तर ते वेगळे पैसे देऊन मिळेल. धनंजय हसला. दह्याला कुलूप लावणारा माणूस त्यानं अजून पाहिला नव्हता. कुलूप त्यानं नाकारलं, क्लाउडचं भाडं बंद केलं, आणि दुसरं घर म्हणून स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर दह्याचं आणखी एक भांडं ठेवलं. फळी चांगली उंच होती.

त्या दिवसापासून पिशांच्या घरात नवं राज्य सुरू झालं. दह्याची जबाबदारी आली मालनबाईंकडे, म्हणजे धनंजयच्या आईकडे, कारण त्या घरात विरजण त्याच लावत. कंपनीचं दही खरोखर सुरेख लागे, कापावं तर वडी पडेल असं घट्ट. मालनबाई खूश होत्या. धनंजयला मात्र ते घशाखाली उतरेना. भातावर दही घेतलं की त्याला वाटे, आपण शेजारच्या घोरपडे काकूंच्या कंबरेचा घेर कालवून खातोय. खबरदारी म्हणून त्यानं घरात कढीवरच बंदी घातली. मालनबाईंच्या आमटीत मग पुढचे बरेच दिवस मीठ कमी पडत राहिलं. आणि दही बाहेर कुणाला द्यायचं नाही, हे त्यानं दोनदा बजावलं तेव्हा त्यांनी मान हलवली होती. ती कशाला हलवली, हे विचारायचं त्याच्या डोक्यात आलं नाही.

वर्षभर सगळं सुरळीत चाललं. घोरपडे काकूंच्या पुतणीचं लग्न ठरलं आणि अख्ख्या घोरपडे घराण्याच्या ब्लाउजांचं काम पिशांकडे आलं. त्यातल्या निम्म्या बायका परदेशात होत्या; कापड इथे आणि अंगं तिथे. त्या थेट मांडवात उतरणार आणि ब्लाउज घालून उभ्या राहणार होत्या. धनंजय खुशीत होता. एवढं काम मापांच्या जोरावर फक्त तोच करू शकत होता, आणि समोरच्या दुकानातून ते दिसत होतं.

अशात ओजस पुन्हा आला, या वेळी खिशाला एक जाडसर पेन लावून. हे पेन दह्यात बुडवायचं आणि फोनला जोडायचं की आतला मजकूर मिनिटाभरात पडद्यावर. आतापर्यंत वाचायला कोल्हापूरच्या लॅबमध्ये जावं लागे; आता पुढच्या महिन्यापासून हे पेन मोबाइलच्या दुकानात मिळेल, असं त्यानं कौतुकानं सांगितलं. धनंजय जिना चढून वर गेला आणि सहज विचारावं तसं आईला विचारलं, की आपलं दही तू कुणाला दिलं तर नाहीस ना.

मालनबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी वरही पाहिलं नाही.

"मागितल्यावर न्हाई म्हणू व्हय? विरजणाला कधी कोण न्हाई म्हणतंय?"

मग त्यांनी घरं मोजायला सुरुवात केली, आणि एका हाताची बोटं संपल्यावर दुसऱ्या हाताला लागल्या. घोरपडे, खालचे कांबळे, बँकेतल्या बाईसाहेब, दवाखान्यातली नर्स, गल्लीच्या टोकाचे सोनार. ज्यांनी नेलं त्यांनी पुढेही दिलं असणार. गावातल्या यच्चयावत बायकांची मापं, बिनकुलपाची, गावातल्या यच्चयावत फ्रिजमध्ये बसली होती, आणि पुढच्या महिन्यापासून पाहिजे तो माणूस ती वाचणार होता. उद्या सोनारांच्या बैठकीत कुणी घोरपडे काकूंचा आकडा मोठ्यानं वाचला तर पिशांचं नाव राहणार नव्हतं. वडिलांनी आयुष्यभर तोंड मिटून कमावलेला विश्वास एका वाटीत बुडणार होता.

खरं कारण सांगणं शक्यच नव्हतं. म्हणून धनंजय घरोघर गेला आणि म्हणाला, आमच्या विरजणात खराब जंतू निघालेत, तेवढं दही टाकून द्या, हे घ्या डेअरीचं. पहिल्याच घरी अडचण झाली. घोरपडे काकूंनी भांडं पदराआड घेतलं.

"इतकं गोड दही टाकू? आमच्यात अन्न टाकत न्हाईत. वास घे, कुठं खराब हाय?"

काकू ऐकेनात. शेवटी धनंजय म्हणाला, द्या इकडे, मीच पितो. जंतू असून तू कसा पितोस, असं काकूंनी विचारलं, तेव्हा तो म्हणाला की आमचेच जंतू आहेत, आम्हाला सवय आहे. आणि वर्षभर ज्या दह्याला त्यानं ओठ लावला नव्हता ते उभ्याउभ्या तोंडाला लावून त्यानं संपवलं. मग तीच रीत पडली. कांबळ्यांकडे ताक झालं होतं, ते प्याला. नर्सबाईंनी दहीभात कालवला होता, तो जेवला. सोनारांकडे श्रीखंडासाठी दही फडक्यात टांगलं होतं, ते त्यानं चक्का असतानाच खाल्लं, आणि सोनारीणबाईंनी वर साखर हवी का म्हणून विचारलं. दुपारपर्यंत, या घरांनी पुढे जिथे जिथे दिलं होतं ती घरं धरून, गल्लीतली झाडून सगळी मापं त्याच्या पोटात जमा झाली. घराकडे परतताना त्याला चालवत नव्हतं, पण मन शांत होतं. पोटातलं कुणी वाचणार नव्हतं.

पण त्याची थाप त्याच्या आधी घरी पोचली होती. घोरपडे काकूंनी लगेच मालनबाईंना फोन केला होता, की तुमच्या दह्यात जंतू पडलेत, तुमच्या धनंजयनंच सांगितलं. सारिका खाली दुकानात होती. मालनबाईंनी कुणाला विचारलं नाही. त्यांनी खालचं आणि फळीवरचं अशी दोन्ही भांडी ओतून टाकली, खळखळत्या पाण्यानं दोनदा धुतली, चिंच लावून घासली आणि गच्चीत पालथी घातली. धनंजय वर आला तेव्हा ती उन्हात लखलखत होती. मालनबाई म्हणाल्या की काळजी करू नको, डेअरीचं विरजण लावलंय.

धनंजय खुर्चीत बसला. एक ढेकर आली, ती त्यानं दाबली. मग स्वतःची समजूत घातली, की यंत्रात मापं आहेतच. ओजसला फोन केला. तो सोमवारी नवा डबा घेऊन येतो म्हणाला, या वेळी कुलपासकट. धनंजयनं कुलपाचे पैसे घासाघीस न करता कबूल केले, यावरून त्याची अवस्था ओळखावी.

सोमवार उजाडायच्या आत खांबावरची न्यूट्रलची तार तुटली. ती तुटली की घराघरात दुप्पट दाबाची वीज शिरते, हे गल्लीतल्या सगळ्यांना एकाच क्षणी कळलं. काहींचे पंखे गेले, काहींचे फ्रिज. पिशांच्या मागच्या खोलीतून फटाक्यासारखा आवाज आला आणि जळक्या रबराचा वास सुटला. दुरुस्तीवाल्यानं यंत्र उघडलं, आतली काळी पडलेली डिस्क चिमटीत धरून दाखवली आणि पुन्हा आत ठेवली. ओजसच्या कंपनीत मूळ प्रत वर्षभरच ठेवत; ते वर्ष नुकतंच संपलं होतं, आणि घरात दही असताना नूतनीकरणाचे पैसे कशाला भरायचे म्हणून धनंजयनं ते केलं नव्हतं.

समोर घोरपड्यांच्या कापडांचा ढीग होता. धनंजयनं आठवून आठवून मापं लिहायला घेतली, तर त्याला काही आठवेना. आकडा तोंडानं न उच्चारायची सवय इतकी मुरली होती की मनातसुद्धा तो उमटत नव्हता. सारिका जवळ येऊन बसली. ती रागावली नाही, याचीच त्याला जास्त भीती वाटली.

"अहो, गल्लीत एका तरी घरी उरलं असेल की," ती म्हणाली.

"न्हाई," धनंजय म्हणाला. "मी पोटभर बघितलंय."

तेव्हा दारात उभ्या असलेल्या मालनबाई म्हणाल्या, "एक घर सांगायचं राहिलं."

पदराच्या टोकाशी चाळा करत त्यांनी हळूहळू सांगितलं. दर शनिवारी त्या मारुतीला जातात ते खरं, पण मारुतीहून येताना रस्त्यापलीकडे सुहासकडे जातात. वाटीभर दही नेतात. गल्लीभर वाटायचं आणि पोटच्या पोराला द्यायचं नाही, हे त्यांच्यानं झालं नव्हतं. तुला सांगितलं असतं तर तू बंद केलं असतंस, असं त्या म्हणाल्या, आणि त्यात काही खोटं नव्हतं. धनंजयनं खाली पाहिलं. आपली आई आपल्या भावाला भेटायला देवाचं निमित्त काढते, हे ऐकून त्याला फार वाईट वाटलं. मग तो रिकामी वाटी घेऊन उठला.

रस्ता ओलांडताना त्यानं दोन्हीकडे तीनतीनदा पाहिलं. एकही गाडी येत नव्हती. अलीकडची बाजू अंधारात होती. पलीकडची लाइन दुसऱ्या डीपीवर असल्यानं सुहासच्या घरात दिवे लागले होते. दार सुहासच्या बायकोनं, मीनलनं उघडलं. तिनं त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या हातातल्या वाटीकडे पाहिलं, आणि तिला काहीच विचारावं लागलं नाही.

"या दादा, बसा. पण आता देता येणार नाही. दिवा लावून झाला. दिवेलागण झाल्यावर दही घराबाहेर जात नाही."

सगळा धंदा त्या एका भांड्यात अडकला असताना धनंजय वाद घालू शकला असता. पण हीच रीत त्याच्या आईची होती. त्याच्या घरूनही दिवेलागणीनंतर कुणी कधी दही नेलं नव्हतं. तो मुकाट्यानं बसला. आतून मोहरीची फोडणी चुरचुरली आणि त्याच्या नाकात एक ओळखीचा वास शिरला.

"मीनल, काय करायलीस?"

"कढी."

धनंजय ताडकन उठला आणि थेट स्वयंपाकघरात शिरला. ताकाचं पातेलं गॅसवर होतं. विरजण बाजूला काढलं आहे का, असं त्यानं विचारलं तेव्हा त्याचा आवाज चिरकला होता. मीनलनं फ्रिजचं दार उघडून झाकलेली वाटी दाखवली. विरजण काढल्याशिवाय कढी करायला मी काय पहिल्यांदा चूल बघतेय का, असं ती म्हणाली. धनंजयनं ती वाटी डोळे भरून पाहिली. तिथेच फ्रिजशेजारी स्टूल ओढून तो बसला, आणि कुणी म्हणेपर्यंत हलला नाही.

सुहास दुकान बंद करून वर आला तो स्वयंपाकघरात थोरल्या भावाला पाहून उंबऱ्यावरच थांबला. धनंजयनं सगळं सांगितलं. थापा, पिणं, तार, काळी डिस्क, काहीच लपवलं नाही. सांगून झाल्यावर विचारलं, की तुझ्याकडे येतंय ते दही साधं नाही, हे तुला कधी कळलं.

"पहिल्याच शनिवारी," सुहास म्हणाला. "आईनं आणलं ते कंपनीच्याच डब्यातनं. तो ओजस माझ्याकडंबी येऊन गेलाय."

"मग लॅबमधनं वाचून घेतलं न्हाईस?"

सुहासनं खांदे उडवले. "मागून मिळालं न्हाई ते चोरून कशाला घेऊ? मला आईच्या हातचं दही पायजे होतं. ते मिळत होतं."

आपण लहान आहोत आणि समोर बसलाय तो थोरला, असं धनंजयला क्षणभर वाटलं, आणि ते खरंच होतं असंही वाटलं. एवढ्यात मीनलनं तिघांची पानं घेतली. कढी अप्रतिम झाली होती. वर्षभर दह्याला न शिवलेल्या आणि गेल्या काही दिवसांत भलतंच पोचवलेल्या त्या माणसानं ती तीनदा मागून घेतली. घरी निरोप पाठवून तो तिथेच बाहेरच्या खोलीत झोपला. वाटी सोडून जायला त्याचं मन धजेना.

ओजसचं पेन मजकूर नुसता दाखवी, यंत्रात भरायचा तर लॅबच लागे; म्हणून सकाळी मीनलनं विरजण दिलं आणि दोघे भाऊ वाटी मधे धरून ओजसबरोबर कोल्हापूरच्या लॅबला गेले. लॅबमध्ये ती वाटी हातात घेणाऱ्या मुलीला धनंजयनं दोनदा "सांभाळून" म्हटलं. मापं निघाली. वर्षभर दुसऱ्या घरच्या दुधावर वाढलेल्या त्या जिवाणूंनी मजकूर बहुमतानं नीट जपला होता. फक्त काही तुकड्यांत बहुमत झालंच नव्हतं, आणि तिथे जुन्या गिऱ्हाइकांच्या दुरुस्त्या पुसट झाल्या होत्या. त्या बायकांची मापं वडिलांच्या हाताखाली सुहासनंच घेतली होती. तो समोरून येऊन धनंजयच्या दुकानात बसला. दोघांनी मिळून त्या जागा भरल्या, त्याही वडिलांच्या रीतीनं: एकानं आकडा कागदावर लिहायचा, दुसऱ्यानं वाचून मान हलवायची, आणि कागद फाडायचा. दुकानात आलेल्या घोरपडे काकूंना वाटलं भावांचं अजून बोलणं सुरू झालेलं नाही, आणि त्या दोघांना समजावायला लागल्या.

लग्न वेळेवर लागलं. परदेशातून आलेल्या बायका विमानतळावरून थेट आल्या, ब्लाउज घातले आणि फोटोला उभ्या राहिल्या. धनंजयनं नव्या दह्याला कुलूप लावून घेतलं होतं, त्यामुळे आता कुणी पेन बुडवलं तरी अर्थ लागणार नव्हता. मालनबाईंना त्यानं जाहीर मोकळीक दिली की मागेल त्याला द्या, न मागेल त्यालाही द्या. आमटीत मीठ पुन्हा नीट पडू लागलं.

राहिली ती सुहासची वाटी. रिकामं भांडं परत द्यायचं नसतं. धनंजयनं त्या वाटीत स्वतःच्या हातानं विरजण लावलं, सकाळी ते घट्ट लागलेलं पाहिलं, आणि भर दुपारी सगळ्या गल्लीदेखत रस्ता ओलांडला. या वेळी त्यानं दोन्हीकडे पाहिलं नाही, त्यामुळे एका रिक्षावाल्याच्या शिव्या खाल्ल्या. सुहास कापड मोजत होता. धनंजयनं वाटी त्याच्यापुढे ठेवली आणि कुलूप उघडायचा शब्द त्याच्या कानात सांगितला.

"वाच," तो म्हणाला. "तुझीबी आहेत ती. तेव्हाच द्यायला पायजे होती."

सुहासनं नाक ओढलं, ओजसकडून घेतलेलं पेन काढून दह्यात बुडवलं आणि फोनवर तो शब्द टाकला. पडद्यावर नावं सरकू लागली, वडिलांच्या काळापासूनची, एकाखाली एक. दोघे भाऊ डोकी जवळ आणून वाचत होते. मीनल मागून डोकावली आणि तिनं हळूच विचारलं की सांगा ना, घोरपडे काकूंचा घेर खरंच किती आहे.

"हं," दोघेही एकदम म्हणाले.